सगळ्यात भारी नेम कुणाचा? आधी विचारा, कितीपैकी किती

प्रश्न असा आलाय की नेमबाजीत आणि शिकारीत आजवरचे सगळ्यात भारी नेम कुठले, त्यातलं खरं किती नि थापा किती, आणि ते चार मैलांवरून टार्गेटला गोळी लावणारे लोक जगातले सगळ्यात मोठे नेमबाज म्हणायचे का. मी पंचवीसेक वर्षं रायफल शूटिंग करतोय, त्यातली निम्मी वर्षं पोरांना शिकवण्यात गेली. शिकार कधी केली नाही आणि करायचीही नाही, पण शिकाऱ्यांनी लिहून ठेवलेलं भरपूर वाचलंय. तेव्हा जमेल तसं सांगतो, लांबलं तर सांभाळून घ्या.

आधी तो चार मैलांचा विषय मिटवून टाकू. २०२२ च्या सप्टेंबरात अमेरिकेत वायोमिंगमध्ये एका टीमने ४.४ मैलांवरच्या टार्गेटला गोळी लावली, म्हणजे सात किलोमीटरच्या वर, आणि ती गोळी जवळपास २४ सेकंद हवेत होती. २४ सेकंद! म्हणजे चाप ओढून माणूस आरामात उठेल, कपडे झटकेल, बाटली उघडून दोन घोट पाणी पिईल आणि मग तिकडे गोळी पोचेल. शाळेतलं गणित आठवा, पडणारी वस्तू पहिल्या सेकंदात पाचेक मीटर खाली येते, दोन सेकंदांत वीस मीटर, आणि पुढे हे असं वर्गाने वाढत जातं, त्यामुळे असल्या अंतरावर नळीचं तोंड टार्गेटकडे नसतंच, ते आभाळाकडे असतं, आणि वाटेत वारा तीन ठिकाणी तीन तऱ्हेचा. हे सगळं जुळवणं खायचं काम नाही. सात किलोमीटरवर माती कुठे उडाली ते बघून सांगणाऱ्या स्पॉटर लोकांना तर माझा दंडवत. पण ती लागलेली गोळी एकोणसत्तरावी होती. आधीच्या अडुसष्ट चुकल्या, आणि हे त्या टीमनेच उघडपणे सांगितलंय, लपवाछपवी काही नाही. आता मला सांगा, त्यांनी सत्तरावी मारली असती तर ती लागली असती का? मी तरी पैज लावणार नाही.

म्हणून माझा एकच हिशेब आहे, कुणीही नेमाची गोष्ट सांगायला लागलं की आधी विचारायचं, कितीपैकी किती? आणि दुसरं, चुकला असता तर काय झालं असतं? ह्या दोन प्रश्नांत निम्म्या दंतकथा गळून पडतात, आणि ज्या उरतात त्या मग खरोखर अंगावर काटा आणतात.

अंतर ऐकून भारावून जायची खोड तशी जुनीच आहे. १८७४ च्या जूनमध्ये टेक्सासमध्ये अडोबी वॉल्स म्हणून एक ठाणं होतं, बायसन मारणाऱ्या शिकाऱ्यांचं, त्याला कोमांचे आणि इतर मूळनिवासी टोळ्यांच्या योद्ध्यांनी वेढा घातला होता. वेढ्याच्या तिसऱ्या दिवशी बिली डिक्सन नावाच्या शिकाऱ्याने दुसऱ्याची शार्प्स रायफल मागून घेतली आणि लांब टेकडीवर दिसणाऱ्या घोडेस्वारांवर गोळी झाडली, त्यातला एक घोड्यावरून पडला. ते अंतर १,५३८ यार्ड म्हणून सांगितलं जातं, म्हणजे १,४०० मीटर, तेही काळ्या दारूच्या काडतुसाने. माणूस मारल्याचा शॉट म्हणून मला तो साजरा करवत नाही, पण मुद्दा वेगळाच आहे. लोक आज दीडशे वर्षं त्या शॉटचे गोडवे गातायत आणि खुद्द डिक्सन मात्र सांगून गेलाय की तो नशिबाने लागला! ज्याने मारला तोच म्हणतोय फ्लूक होता आणि आपण त्याला ऐकायला तयार नाही.

आणि गंमत बघा, त्याच वर्षी सप्टेंबरात न्यूयॉर्कजवळ क्रीडमूरला एक मॅच झाली, तिची आठवण शूटिंगवाल्यांशिवाय कुणाला नसते, आणि माझ्या मते ती डिक्सनच्या शॉटपेक्षा शंभरपट मोठी. आयर्लंडची टीम विरुद्ध अमेरिकेची टीम, सहा-सहा जण, ८००, ९०० आणि १,००० यार्ड, प्रत्येक अंतरावर प्रत्येकाने पंधरा गोळ्या. बुलला, म्हणजे टार्गेटच्या अगदी मधल्या भागाला, चार पॉइंट, म्हणजे एका टीमला जास्तीत जास्त १,०८०. आयरिश लोकांकडे ठासणीच्या रायफली, प्रत्येक गोळीला पुढून दारू भरा, गोळी ठासा, मग पडा. अमेरिकनांकडे मागून भरायच्या. तेव्हा बऱ्याच लोकांना मागून भरायच्या रायफली म्हणजे कमअस्सल माल वाटायचा, जिंकणार ठासणीवालेच असं सगळे धरून चालले होते. झालं काय की आयर्लंडच्या मिल्नरने एक गोळी मारली, एकदम बुलमध्ये, पण शेजारच्या टार्गेटच्या! शून्य. मॅच शेवटाला आली तेव्हा आयर्लंड ९३१, अमेरिका ९३०, आणि अमेरिकेचा फक्त एक शॉट बाकी, कर्नल जॉन बोडिनचा. त्याच्या हातात थोड्याच वेळापूर्वी जिंजर बिअरची बाटली फुटलेली, हात कापून रक्त येतंय, रुमाल बांधलाय, प्रेक्षक दोन्ही बाजूंनी कोंडाळं करून उभे, समोर हजार यार्ड. तो पडला, नेम धरला, आणि बुल. ९३४ विरुद्ध ९३१.

हिशेब करा, मिल्नरचे ते चार पॉइंट आयर्लंडला मिळाले असते तर ९३५ झाले असते आणि बोडिनने बुल मारूनही अमेरिका एकाने हरली असती. म्हणजे १८७४ चा सगळ्यात गाजलेला विजय हा एका चुकीच्या लेनवर उभा आहे.

लेन चुकणं ह्याला आम्ही क्रॉस फायर म्हणतो. बाहेरच्या माणसाला हसू येतं, अरे स्वतःचं टार्गेट कळत नाही का? मीही हसायचो. मग एका स्पर्धेत प्रोन मारताना, म्हणजे पालथं पडून, माझा एक शॉट अगदी लोण्यासारखा सुटला, मी मनात म्हटलं दहा पॉइंट सहाच्या खाली नाही (एका गोळीला जास्तीत जास्त १०.९ मिळतात), मॉनिटरकडे बघतो तर काहीच नाही. कोरा. पहिला विचार काय आला माहितीये? मशीन बंद पडलं. हात वर करून रेंज ऑफिसरला बोलावलं, चांगला आवाज चढवून तक्रार केली, आणि तेवढ्यात शेजारच्या लेनमधला पोरगा अगदी हळू आवाजात म्हणाला, सर माझ्यावर एक जास्तीचा आलाय. जमीन दुभंगून आत घेईल तर बरं असं झालं. मी शेजारी ठेवलेल्या काडतुसांच्या डबीकडे वाकताना कोपर दोन बोटं सरकलं होतं, बस, तेवढ्याने अख्खं शरीर शेजारच्या टार्गेटकडे वळलं आणि नळीच्या टोकाला नेम धरायची रिंग असते तिच्यात एक काळा गोल दिसला, तो आपलाच समजून मी मोकळा.

म्हणून अमेरिकेच्या मॅथ्यू एमन्सची गोष्ट मी हसून सांगू शकत नाही. २००४, अथेन्स ऑलिम्पिक, ५० मीटर रायफल थ्री पोझिशन फायनल, म्हणजे पालथं पडून, गुडघ्यावर बसून आणि उभं राहून अशा तिन्ही तऱ्हेने मारायची. शेवटचा शॉट बाकी, एमन्स तीन पॉइंटांनी पुढे. त्याला फक्त ७.२ हवे होते. त्या दर्जाच्या शूटरला ७.२ म्हणजे आपल्याला उघड्या दारातून आत जाण्याएवढं अवघड. मारला, आणि स्क्रीन कोरी. त्यालाही आधी मशीनच बिघडलंय असं वाटलं. गोळी शेजारच्या ऑस्ट्रियन शूटरच्या टार्गेटवर गेली होती. शून्य, आणि सोन्यावरून थेट आठवा. नंतर त्याने कारण सांगितलं ते प्रत्येक शिकणाऱ्याने ऐकावं असं आहे, तो नेहमी आधी टार्गेटच्या वरचा लेन नंबर बघायचा आणि मग रायफल खाली काळ्या गोलावर आणायचा, त्या एका शॉटला तो स्वतःला शांत करण्याच्या नादात नंबर बघायचाच राहिला. म्हणजे काळजी जास्त घेतली म्हणून चुकला!

बरं हा माणूस काही कच्चा नव्हता. ऑलिम्पिकच्या काही महिने आधी कुणीतरी त्याच्या रायफलची मोडतोड केली होती, म्हणून त्याने टीममधल्या मैत्रिणीची रायफल घेऊन त्याच अथेन्समध्ये ५० मीटर प्रोनचं गोल्ड जिंकलेलं. उसनी रायफल काय असते ते ज्याने दुसऱ्याचा चष्मा लावून वाचायचा प्रयत्न केलाय त्यालाच कळेल, दस्त्याची लांबी, गालाचा टेकू, ट्रिगरचं वजन, सगळं दुसऱ्याच्या मापाचं. माझ्या यादीत भारी नेम म्हणून ते प्रोनचं गोल्ड फार वर आहे, पण लोकांना आठवतं ते शून्य.

पुढे २००८ ला बीजिंगमध्ये परत तीच इव्हेंट, परत शेवटचा शॉट, परत हाच तीनपेक्षा जास्त पॉइंटांनी पुढे, आणि नेम पूर्ण बसायच्या आधीच बोट लागून गोळी सुटली, ४.४. चौथा. रायफलचा ट्रिगर किती हलका असतो ते ज्यांनी हाताळलं नाही त्यांना सांगून कळायचं नाही, एअर पिस्तुलाला निदान ५०० ग्रॅमची अट आहे, रायफलला ह्या इव्हेंटमध्ये तशी काही अट नाही, नुसती फुंकर मारल्यागत सुटतो. २०१२ ला लंडनमध्ये शेवटचा ७.६ मारून ब्राँझ घेतलं आणि तेव्हा तो ज्या समाधानाने हसत होता ते बघून मला गोल्डवाल्यांपेक्षा त्याचाच हेवा वाटला. अथेन्सच्या त्या संध्याकाळी त्याचं सांत्वन करायला चेक शूटर कातेरिना कुर्कोव्हा आली होती, तिच्याशीच त्याचं लग्न झालं, आणि बीजिंगमध्ये तिने एअर रायफलला ४०० पैकी ४०० मारून गोल्ड घेतलं. चारशेपैकी चारशे. घरात जेवताना काय बोलत असतील देव जाणे.

आता ४०० पैकी ४०० म्हणजे नक्की काय ते सांगतो, कारण दहा मीटर ऐकून लोक म्हणतात हॅ, दहा मीटर तर काय, गल्लीच्या रुंदीएवढं. त्या टार्गेटवरचा दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटर असतो. पेलेट, म्हणजे एअर रायफलची गोळी, साडेचार मिलिमीटरचं. म्हणजे ठिपका पेलेटच्या नवव्या हिश्श्याएवढा, पेलेटने त्याला नुसता स्पर्श करायचा असतो, पण तो चाळीस वेळा. उभं राहून, आणि हृदय काही थांबत नसतं, रिंगमध्ये बघाल तर प्रत्येक ठोक्याला काळा गोल टिचकी मारल्यासारखा उडतो. नवीन पोरांना हे पहिल्यांदा दिसतं तेव्हा घाबरतात, सर माझा हात थरथरतोय म्हणतात. हात नसतो रे थरथरत, तू जिवंत आहेस एवढंच आहे ते.

आपल्या अभिनव बिंद्राचा २००८ चा शेवटचा शॉट ह्याच टार्गेटवरचा. शेवटच्या शॉटच्या आधी तो आणि फिनलंडचा हेन्री हॅकिनेन अगदी बरोबरीत होते. बिंद्राने १०.८ मारला, हॅकिनेनने ९.७, बिंद्रा गोल्ड, एकूण ७००.५, आणि हॅकिनेन दुसराही नाही, थेट तिसरा, मधून चीनचा झू चिनान ६९९.७ वर रुपं घेऊन गेला. ह्या टार्गेटवर दशांशाची एक पायरी पाव मिलिमीटरची असते. म्हणजे बिंद्राचा शॉट आणि हॅकिनेनचा शॉट, केंद्रापासून मोजलं तर दोघांत फरक पावणेतीन मिलिमीटर. नखाच्या पांढऱ्या कडेएवढा. सात किलोमीटरवाल्यांनी खुशाल रागवावं, मला हा शॉट मोठा वाटतो, कारण इथे एकोणसत्तर संधी नव्हत्या.

बरोबरीवरून १९७६ मॉन्ट्रियल आठवलं. थ्री पोझिशनलाच, तेव्हा बायका-पुरुष एकत्र खेळायचे, अमेरिकेचे लॅनी बॅशम आणि मार्गारेट मर्डॉक दोघांचे ११६२. नियमानुसार बरोबरी फोडून बॅशमला गोल्ड दिलं, आणि राष्ट्रगीताच्या वेळी त्याने तिला हात देऊन स्वतःच्या पायरीवर वर घेतलं. आणि चीनच्या झांग शानचं तर ऐकाच. १९९२ बार्सिलोना, स्कीट, म्हणजे हवेत उडवलेल्या चकत्या छर्ऱ्यांच्या बंदुकीने फोडायच्या, हीपण एकत्र इव्हेंट, तिने फायनलपर्यंत २०० पैकी २०० डिस्क फोडल्या, एक नाही चुकली, आणि पुरुषांना मागे टाकून गोल्ड घेतलं. पुढच्या ऑलिम्पिकला, १९९६ ला, स्कीट फक्त पुरुषांची! बायकांची वेगळी स्कीट यायला २००० उजाडलं. कारणं काय दिली गेली ते जाऊ द्या, मला तरी वाटतं एवढी मोठी पावती दुसऱ्या कुठल्याच नेमाला मिळालेली नाही.

स्कीटमध्ये अवघड काय, तर डिस्क जिथे दिसते तिथे मारायचंच नसतं. समोरून आडवी जाणारी डिस्क वीसेक मीटरवर असेल तर छर्रे पोचेपर्यंत ती मीटरभर पुढे गेलेली असते, म्हणजे रिकाम्या हवेवर नेम धरायचा, आणि बार झाला तरी बंदूक फिरवत राहायची. नवशिका बार करताना बंदूक थांबवतो आणि डिस्कच्या मागे मारतो. शंभरातले नव्वद जण मागेच चुकतात, पुढे चुकणारा मी क्वचित बघितलाय.

परत परत करून दाखवण्याच्या बाबतीत हंगेरीचा कारोय टाकाच माझ्यासाठी सगळ्यांच्या वर आहे. सैन्यात होता, उजव्या हाताने पिस्तूल मारायचा, १९३८ ला सरावात ग्रेनेड हातातच फुटला आणि उजवा हात गेला. संपलं असं सगळ्यांनी धरलं. त्याने गुपचूप डाव्या हाताने सुरुवात केली आणि पुढच्याच वर्षी हंगेरीची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. मग महायुद्ध, दोन ऑलिम्पिक झालीच नाहीत. १९४८ ला लंडनमध्ये अडतिसाव्या वर्षी रॅपिड फायर पिस्तूल, ५८० पॉइंटांचा विश्वविक्रम आणि गोल्ड. गोष्ट अशी सांगतात की अर्जेंटिनाच्या वर्ल्ड चॅम्पियनने त्याला आधी विचारलं होतं, तू इथे कशाला, तर हा म्हणाला शिकायला, आणि नंतर तो चॅम्पियनच म्हणाला, शिकलास की रे पुरेसं. १९५२ ला हेलसिंकीत परत गोल्ड. रॅपिड फायर म्हणजे पाच टार्गेट, पाच गोळ्या, आठ सेकंदांत, मग सहात, मग चारात. चार सेकंदांत पाच! तुम्ही डाव्या हाताने नुसती सही करून बघा चार सेकंदांत, मग बोलू.

दक्षिण कोरियाच्या जिन जाँग-ओचा रिओ २०१६ चा फायनल पण जमलं तर बघा, ५० मीटर पिस्तूल, नववा शॉट ६.६, सातव्या नंबरवर घसरला, तिथून चढत चढत ऑलिम्पिक रेकॉर्ड करून गोल्ड, त्याच इव्हेंटचं सलग तिसरं. ६.६ नंतरचा दहावा शॉट कसा मारला असेल हे मला अजून कळलेलं नाही.

आता सर्कसवाले. ह्यात थापा सगळ्यात जास्त, आणि खरंही सगळ्यात अफाट. बफेलो बिल घोड्यावरून दौडत हवेतले काचेचे गोळे फोडायचा, लोक वेडे व्हायचे, पण त्याच्या काडतुसात एक गोळी नसून बारीक छर्रे असायचे. त्यात फसवणूक अशी नाही, हजारो लोक भोवती बसलेले असताना खरी गोळी हवेत मारली तर ती कुणाच्या तरी डोक्यात उतरणार. तरी घोड्यावरून छर्ऱ्यांनीही मारणं सोपं नाही म्हणा. त्याच्याच शोमधली ॲनी ओकली मात्र अस्सल होती. १८८५ साली तिने एका दिवसात, नऊ तासांत, ५,००० काचेच्या गोळ्यांपैकी ४,७७२ फोडले. म्हणजे २२८ चुकले, आणि तो आकडाही सांगितला जातो म्हणून मी विश्वास ठेवतो. ती पत्त्यांतलं पान आडवं धरलं की त्याच्या कडेवर मारायची, भोकं पाडायची, इतकी की अमेरिकेत फुकट पासांना, त्यांना पंचाची भोकं असायची म्हणून, ॲनी ओकली असं नावच पडलं. साठी उलटल्यावर, १९२२ मध्ये, तिने सलग १०० डिस्क फोडल्या.

ॲड टॉपरवाइन, १९०७, सॅन अँटोनियो. सव्वादोन इंचांचे लाकडी ठोकळे हवेत फेकायचे आणि .२२ रायफलने मारायचे, छर्रे नाही, एकच गोळी. दहा दिवसांत ७२,५०० ठोकळे, चुकले नऊ. आणि १९५९ ला टॉम फ्राय, १,००,०१० ठोकळे, चुकले सहा, तेरा दिवस, रोज आठ तास. दर पावणेचार सेकंदाला एक ठोकळा, तेरा दिवस! मी एकदा दिवसभरात चारशे मारले होते तर दुसऱ्या दिवशी शर्टाची बटणं लावता येईनात. ठोकळा वर जाऊन क्षणभर थबकतो, तिथे मारायचं असतं, त्यामुळे एकेक शॉट घेतला तर तो अशक्य नाही, महिनाभराच्या सरावाने तुम्हीही दहातले चार-पाच माराल. पण सोळा हजारांत एक चूक ही गोष्ट हाताची राहतच नाही, ती कंटाळ्याची आहे. नेमबाजी म्हणजे मुख्यतः कंटाळा सोसणं, हे कुणी आधी सांगत नाही.

शिकारीकडे येतो. इथे माझं मत अनेकांना पटत नाही. इंग्लंडचा लॉर्ड रिपन, एका मिनिटात २८ फेझंट पक्षी पाडले असं सांगतात, तीन बंदुका, दोन माणसं भरून द्यायला, आयुष्यभरात साडेपाच लाखांच्या वर पाखरं, नोंदी ठेवलेल्या. तो म्हणे रात्री घरात त्या दोन माणसांना घेऊन बंदुकांची देवाणघेवाण घोटवायचा. कसब म्हणून हात जोडतो, बाकी सगळं वाचून पोटात ढवळतं. आफ्रिकेतला डब्ल्यू. डी. एम. बेल, कारामोजो बेल म्हणायचे त्याला, हजारावर हत्ती मारले आणि त्यातले बरेचसे ७ मिलिमीटरच्या हलक्या रायफलने, लोक तेव्हा हत्तीला तोफ घेऊन जायचे. त्याचं रहस्य डोळ्यात नव्हतंच, त्याने हत्तीची कवटी करवतीने उभी कापून आत मेंदू नक्की कुठे असतो ते बघून ठेवलं होतं, म्हणजे समोरून, बाजूने, मागून कुठूनही तो जागा धरायचा. आज असलं काही करणं कल्पनेतही नको, पण गोळी किती मोठी त्यापेक्षा ती कुठे लागते हे त्याच्याइतकं कुणी दाखवलं नाही.

आणि शेवटी जिम कॉर्बेट. त्याच्याबद्दल लोक शंभर थापा मारतात, त्याने स्वतः मात्र चुकलेलं चुकलेलं म्हणून लिहून ठेवलंय. १९०७ ला चंपावतची वाघीण, ४३६ माणसं खाल्लेली, त्याच्याकडची काडतुसं संपली, जखमी वाघीण समोर, तेव्हा त्याने तहसीलदाराची बंदूक मागून आणली, जिची नळी आणि मागचा भाग यांच्यात फट होती. वीस फुटांवरून उघड्या जबड्यावर नेम धरला आणि गोळी लागली पंजाला. वीस फूट! वाघीण आधीच्या गोळ्यांनी मेली. ही हकिगत दुसऱ्या कुणी सांगितली असती तर जबड्यातच लागली असती.

पण त्याचा जो शॉट मी शिकवताना दरवेळी सांगतो तो आठ फुटांवरचा आहे. १९३० चा एप्रिल, कुमाऊँ, चौगडची वाघीण, हीपण नरभक्षक. कॉर्बेट नाल्यातून चालला होता, बरोबर दोन माणसं. त्याला पक्ष्यांच्या अंड्यांचा शौक, वाटेत रातव्याची दोन अंडी दिसली, ती त्याने डाव्या हाताच्या ओंजळीत घेतली आणि रायफल उजव्या हातात, छातीवर तिरकी. एक भला मोठा दगड ओलांडून खाली उतरला आणि उजव्या खांद्यावरून मागे बघितलं तर वाघीण, आठ फुटांवर, बसलेली, त्याच्याकडेच बघत. रायफलचं तोंड दुसरीकडे. ते जवळजवळ पाऊण वर्तुळ फिरवून तिच्यावर आणायचं, एका हाताने, कारण दुसऱ्यात अंडी. त्याने फिरवायला सुरुवात केली, पण इतकी हळू की हललेलं कळू नये, आणि नजर तिच्या नजरेवरून हटवली नाही. मध्येच दस्ता त्याच्याच अंगाला अडला, मग हात लांब करून, सगळं वजन त्या एका मनगटावर घेऊन, परत तसंच हळूहळू. एका हाताने लांब धरलेली भरलेली रायफल किती जड लागते ते करून बघा, मी करून बघितलंय, रिकामी घेऊन, भिंतीवरच्या ठिपक्यावर, दहा-बारा सेकंदांत खांदा थरथरायला लागतो आणि मनगट खाली जातं. तिथे ती हलली असती तर संपलंच होतं. नळी समोर आली, चाप ओढला, आणि वाघिणीचं डोकं तिच्या पंजांवर टेकलं.

त्याने स्वतःच म्हटलंय की अंडी हातात नसती तर त्याने रायफल दोन्ही हातांत धरली असती, वाघीण दिसताच झटकन वळायला गेला असता, आणि त्या झटक्यालाच तिने झेप घेतली असती. एक हात अडकलेला होता म्हणून घाई करताच आली नाही.

मग त्याने ती दोन्ही अंडी नेऊन जिथून उचलली होती तिथेच, त्या खळग्यात ठेवली. अर्ध्या तासाने परत त्याच वाटेने गेले तेव्हा रातवा अंड्यांवर येऊन बसला होता, आणि भोवतालच्या रंगाशी असा मिसळून गेला होता की घरटं नक्की कुठे आहे हे माहीत असूनही कॉर्बेटला तो पटकन दिसेना.